बंबाचं तोंड बघून

उधना, सुरत
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय व्हरमाँटकरीण बाई,

पत्र मिळालं, फोटोही मिळाले. गॅरेजच्या भिंतीला टेकलेला ढीग, त्यावर पार जमिनीपर्यंत गुंडाळलेलं निळं प्लास्टिक आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभे असलेले तुझे अहो. फोटोतसुद्धा वैताग कळतो त्यांचा. सॉ-मिलवाल्यानं उरलेसुरले तुकडे निम्म्या भावात दिले म्हणून गाडीभर घेतले, आणि आता ते रचायला गेलं की दोन थर बसतात, तिसरा चढवला की सगळं पायावर! गाठी, फाटे, बुंध्याच्या चकत्या, ढलपे, पाचरी, एकाचा आकार दुसऱ्याला जुळत नाही. इथपर्यंत मला तुमची दयाच आली. पण शेवटी तू लिहिलंस, ‘तुमच्या सुरतेत थंडीच नाही, तुला काय विचारायचं म्हणा’, ते झोंबलं. म्हणून हे एवढं लांबलचक उत्तर.

मान्य आहे, इकडे जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास आला की लोक माकडटोप्या काढतात आणि नाक्यानाक्यावर तापणुं, म्हणजे शेकोटी, पेटतं. तुमच्याकडे उणे २० मध्ये म्हणे माणसं कुत्रं फिरवायला निघतात. घर ऊबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळायची वेळ आमच्यावर येत नाही. पण अंघोळीचं पाणी तर रोज तापतं ना! पाइपचा गॅस स्वयंपाकघरात येऊन जमाना झाला, गच्चीवर सोलर बसला, तरी आमच्या परसातला सासूबाईंचा तांब्याचा बंब जागचा हललेला नाही. सोलरचं पाणी नुसतं गरम असतं, बंबाचं पाणी अंगाला लागतं, असं त्यांचं शास्त्र आहे. मी वाद घालत नाही, कारण सकाळी उठून तो पेटवायचं काम त्या स्वतःच करतात.

बंब तू विसरली नसशीलच. मधोमध उभा नळा, त्याच्याभोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख पडायची जागा, बाहेर पितळी तोटी. पेटता पाला-काटक्या जाळीवर टाकायच्या आणि मग वरून नळ्यात एकेक तुकडा सोडत राहायचं. आता विचार कर, त्या नळ्यात काय मावणार? हातभर लांब, सुबक फोडलेलं लाकूड तिथे निरुपयोगी. बंबाला लागतात तुकडेच: छिलपे, गाठी, नारळाच्या करवंट्या, मक्याची दाणे काढलेली कणसं, पऱ्हाटीची बुडखं. चुलीनं नाकारलेलं सगळं बंबाकडे यायचं. अमळनेरला आमच्या घरी तर सरळ लाकूड मुद्दाम तोडून बंबासाठी आखूड करत असत. तुम्ही ज्याला कचरा समजून हैराण झाला आहात, ते आमच्याकडे तयार करण्यासाठी मजुरी द्यावी लागायची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वेड्यावाकड्या लाकडाला रचायच्या भानगडीतच पडू नये. ते ओतायचं असतं. रचणं हे सरळ लाकडाचं काम. त्याला रांग हवी असते, भिंत हवी असते, शेजाऱ्यानं ‘वा’ म्हणावं असं वाटत असतं. तुकड्यांना फक्त दोन गोष्टी लागतात: आजूबाजूनं हवा, आणि ज्या तोंडात जायचं त्या तोंडाचं माप. तुझ्या शेगडीचं दार किती रुंद, किती उंच आणि आतली खोली किती, हे आधी मोज. त्यात जे जात नाही ते आत्ताच बाजूला काढ, फेब्रुवारीच्या रात्री हिमात उभं राहून नव्हे. जे जातं त्याची जाडीवरून विभागणी कर. बोटाएवढं पेटवणीसाठी, मनगटाएवढं जाळ धरायला, आणि मांडीएवढ्या त्या कठीण गाठी रात्री निखाऱ्यावर ठेवून झोपायला. गाठ फुटत नाही म्हणून अहो कुऱ्हाडीनं जीव काढत असतील, तर थांबव त्यांना. गाठीतले तंतू पीळ घेतलेले असतात, म्हणून ती फुटत नाही. पण लाकूडही तिथेच घट्ट असतं, त्यामुळे ती सावकाश जळते. रात्रभर धुमसायला तिच्यासारखं काही नाही.

ओतायचं कुठे, ते सांगते. आपण दोघी खान्देशातल्या, बसनं नाशिककडे जाताना कांद्याच्या चाळी कितीदा पाहिल्या. जमिनीपासून उचललेला तळ, बाजूंना बांबूच्या नाहीतर लाकडी पट्ट्या, मध्ये फटी, वर उताराचं छप्पर. कांदा कोण रचतं? तो आत ओततात. खालून, बाजूंनी वारा खेळतो आणि उन्हाळी कांदा पावसाळाभर टिकतो. चाळ फार रुंद करत नाहीत, कारण मधला कांदा गुदमरतो. तुझ्या लाकडाला नेमकी तशीच चाळ हवी. जुनी पॅलेट्स उभी करून बाजू बनवा, एक खाली टाका, वर पत्रा. रुंदी हाताच्या कवेत येईल एवढीच. आणि ते निळं प्लास्टिक आजच्या आज सोडव. डोक्यावर टोपी असू दे, अंगाला गुंडाळू नको. आतला ओलावा बाहेर पडायला वाट नको का? ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं. ते २० टक्क्यांच्या खाली यावं तेव्हा कुठे लाकूड नीट जळतं. नाहीतर जाळाची ताकद पाणी उकळण्यात जाते आणि थंडावलेला धूर धुराड्यात डांबरासारखा चिकटून बसतो. एखाद्या रात्री तोच पेट घेतो. बंबाचा नळा काजळला तर सासूबाई वरून काठीला फडकं बांधून फिरवतात. तुमचं धुराडं मात्र दोन मजली आहे.

यात तुमच्या फायद्याची एक गोष्ट आहे. लाकडातलं पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून बाहेर पडतं. तुकडा जितका आखूड, तितकी टोकं जवळ. तेव्हा हा तुमचा ‘रद्दी’ माल लांब ओंडक्यांच्या आधी वाळेल. वाळला की नाही हे बघायला दोन तुकडे एकमेकांवर आपट. खणखणीत आवाज आला तर घे, ढप् आवाज आला तर ठेव परत.

छोट्या तुकड्यांसाठी आमच्याकडची युक्ती याहून सोपी आहे: कांद्याच्या जाळीच्या गोण्या. सरदार मार्केटच्या बाजूला रिकाम्या गोण्या ढिगानं मिळतात. एकेक गोणी भरायची, तोंड बांधायचं आणि परसातल्या आडव्या पाइपाला लटकवायची. जमिनीला स्पर्श नाही, म्हणजे उधई नाही. रोज एक गोणी उतरवायची. ढिगात हात घालताना विंचवाची भीती असते, तीही गेली. तुमच्याकडे विंचू नसतील, उंदीर तरी असतीलच.

आणि मोठ्या प्रमाणावर करायचं असेल, तर रसायनांच्या कारखान्यांत हजार लिटरची पांढरी चौकोनी टाकी असते ना, भोवती लोखंडी जाळीचा पिंजरा असलेली? आमच्या पांडेसरा, सचिन भागातल्या भंगारवाल्यांकडे ते पिंजरे थप्पीनं पडलेले असतात. आतली टाकी काढून टाकायची, पिंजरा ठेवायचा. तो भरला की अंदाजे एक घनमीटर. तुमच्याकडे लाकूड ‘कॉर्ड’वर विकतात, म्हणजे १२८ घनफूट, साडेतीन घनमीटरांहून किंचित जास्त. पण ते माप नीट रचलेल्या लाकडाचं. ओतलेल्या लाकडात पोकळी जास्त, तेव्हा पुढच्या वेळी मिलवाला ट्रकचं माप दाखवून कॉर्डचे पैसे मागू लागला तर अहोंना म्हणावं, वजनावर बोला. सुरतेत राहून एवढं तरी आलंच आहे मला.

रचण्याची हौस अगदीच जात नसेल, तर जर्मन लोकांचा एक प्रकार बघा: गोल रास. बाहेरून चांगल्या लाकडांची वर्तुळाकार भिंत, आणि पोटात सगळे वेडेवाकडे तुकडे नुसते फेकलेले. त्याचं चित्र पाहिलं तेव्हा मला आपला गोवऱ्यांचा हुडवाच आठवला. बाहेर चापूनचोपून बसवलेल्या गोवऱ्या, आत मोडक्या-तुटक्यांची भर, वरून शेणाचा लेप, की पावसाळ्याला दाद नाही. आजीला कोणी जर्मनीला नेलं असतं तर तिनं तिथेही चुका काढल्या असत्या. आणि नॉर्वेतली गंमत तुला ठाऊक आहे का? फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीनं लाकूड तोडणं, रचणं आणि जाळणं यावर रात्रभराचा कार्यक्रम दाखवला, तब्बल बारा तास, त्यातले बरेचसे नुसती शेकोटी. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या त्या कशाबद्दल, तर लाकडाची साल वर ठेवायची की खाली! लार्स मिटिंग नावाच्या लेखकाच्या २०११ सालच्या पुस्तकावरून तो कार्यक्रम सुचला होता. लाकडावरचं पुस्तक तडाखेबंद खपलं तिकडे. आपल्याकडे सरपणावर कोणी पुस्तक लिहायला बसलं असतं, तर घरातल्या बायकांनी त्याला आधी वखारीत पाठवलं असतं.

आता आमच्या इथल्या तुकड्यांची कुळकथा. मामंजींचं शटलच्या मागांचं संचाखातं होतं तोवर घरात जळणाला तोटाच नव्हता. मोडके धोटे, चिरलेल्या कांड्या, मागाच्या तुटक्या दांड्या. धोटा म्हणजे किती विचित्र आकार बघ: दोन्हीकडे निमुळता, टोकांना पोलादी अणी, मधून कोरलेला. रचून दाखव म्हणावं कोणाला! त्याच्या अण्या काढून घ्याव्या लागत. कांड्या मात्र बंबासाठीच घडवल्यासारख्या, वीतभर लांब, कोरड्या ठक्क. दाबून, राळेत मुरवून केलेल्या धोट्यांचा वास घाण यायचा. ते सासूबाई लगेच वेगळे काढत. रसायनशास्त्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण नाक होतं.

पुढे शटलचे माग भंगारात गेले आणि वॉटरजेट आले. चीन-जपानहून ती यंत्रं लाकडी खोक्यांतून येतात. उधना-सचिनकडे त्या खोक्यांच्या फळ्यांचे ढीग दिसतात. पाइनचं लाकूड, हलकं, भराभर पेटणारं, खिळ्यांनी भरलेलं. आमचा बंब काही वर्षं परदेशी जंगलावरच चालला म्हणायला हरकत नाही. अशी खोकी नाहीतर पॅलेट्स तुमच्याकडेही फुकट मिळत असतील, तर आधी शिक्का बघ. जहाजानं माल पाठवताना लाकडातून किडे जाऊ नयेत म्हणून २००२ पासून एक आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यात लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची अक्षरं आणि प्रक्रियेची खूण उमटवतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापवलेलं असतं, ते जाळायला हरकत नाही. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते विषारी, त्याला हात लावू नको. शिक्का एचटीचा असला तरी फळीवर तेल नाहीतर रसायन सांडल्याचा डाग असेल तर तीही नको. आणि प्लायवूड, सनमायका, रंगवलेल्या चौकटी, एमडीएफ यांतलं काहीही शेगडीत जाता कामा नये. त्यांतल्या गोंदाचा धूर लहान मुलांच्या घरात नकोच. सुताराकडून पोतंभर फुकटचे तुकडे येतात, त्यांत हल्ली निम्मं हेच असतं. पूर्वी सुताराचा कचरा म्हणजे सागाचे छिलके. डांगच्या जंगलातला तो साग. वघईहून बिलिमोऱ्याला जी छोटी गाडी यायची, गायकवाड सरकारनं १९१३ च्या सुमारास सुरू केलेली, ती बरीचशी या लाकडासाठीच होती. असलं लाकूड जाळायचं म्हणजे जिवावर येतं. पण छिलक्याचं दार थोडंच होणार?

बाकी इथलं खरं वेडंवाकडं लाकूड म्हणजे गांडो बावळ. आपली वेडी बाभूळ गं. १९६० च्या सुमारास कच्छच्या बन्नीत वनखात्यानं लावली आणि ती गुजरातभर माजली. एक फांदी सरळ असेल तर शपथ. काटे असे, की मोळी बांधणाऱ्याचे हात बघवत नाहीत. पण जळते मात्र झकास, निखारा टिकून राहतो. उलट शेवगा आणि पांगारा यांना मी जळण म्हणून दारातही उभं करत नाही.

भुशाचं विसरलेच. अहो करवतीनं तुकडे करतायत, तर भुसाही साठत असेल. आईकडची भुशाची शेगडी आठवते? पत्र्याचा डबा, खाली बाजूला भोक. मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून लाटणं आडवं सरकवायचं, भोवती भुसा ठासून ठासून भरायचा आणि मग बाटली-लाटणं अलगद फिरवत काढून घ्यायचं. आत जी पोकळ वाट राहते, तीच चूल. एकदा पेटली की दोन-तीन तास कोणी बघायची गरज नाही. डाळ शिजून जायची. भुसा ओलसर असला की पोकळी ढासळायची आणि आईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. हे अंगणातच करायचं बरं का, घरात नाही.

हिशेब मांडून दाखवते, नाहीतर तू म्हणशील बंबाचं कौतुकच फार. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ४०० किलोकॅलरी लागतात. वाळलेल्या लाकडात किलोमागे साडेतीन हजारांच्या आसपास असतात. म्हणजे निम्मी उष्णता नळ्यातून आकाशात गेली तरी पाव किलो लाकूड पुरतं. पाव किलो म्हणजे दोन-तीन कांड्या आणि एक करवंटी! बंबात ती उष्णता कमी वाया जाते, कारण जाळ मधोमध आणि पाणी चहूबाजूंनी. तुमच्या शेगडीच्या अंगावर एखादं मोठं पातेलं पाणी भरून ठेवत जा, गीझरचं बिल तरी उतरेल.

ढीग घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, हे मात्र मी जरा दटावूनच सांगते. हे शहर एकदा पार जळून गेलेलं आहे. एप्रिल १८३७ मध्ये लागलेली आग विझेपर्यंत नऊ हजारांहून जास्त घरं गेली, शेकडो माणसं गेली. घरांचे सांगाडे लाकडी, गल्ल्या अरुंद. इथे शिवाजी महाराजांच्या सुरत-लुटीवरून आम्हा मराठी माणसांना अजून टोमणे ऐकावे लागतात, पण १८३७ चा दोष अजून कोणी आमच्यावर घातलेला नाही! आणि आगीपेक्षा पाण्याचा अनुभव ताजा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी तापीतून आलं तेव्हा अडाजणला नणंदेकडे तळमजला बुडाला. लाकूड बुडत नाही, ते तरंगत जाऊन दाराला आतून अडसर घालतं. दार उघडेना. तेव्हापासून तिच्याकडचं सगळं सामान जाळीत बांधलेलं असतं. तुमच्या माँटपेलियरमध्ये जुलै २०२३ ला पाणी शिरलं होतं, तेव्हा तुम्ही उंचावर होतात म्हणून सुटलात. पिंजरा असो की चाळ, जमिनीशी बांधून टाका.

राख फेकू नकोस. आमच्याकडे ती भांड्यांना आणि वांग्याच्या वाफ्याला जाते. तुमच्याकडे पायवाटेच्या बर्फावर टाक, पाय घसरणार नाहीत. मात्र निखारा राहिला नाही ना, हे बघून, आणि पत्र्याच्या डब्यातूनच.

इकडची खबर म्हणजे, परवा गल्लीतल्या सगळ्या खान्देशी घरांनी मिळून भरीत केलं. बामणोदची पांढरी-हिरवी वांगी कोणीतरी रेल्वेनं पोतंभर आणली. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला आता सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालंय, त्यामुळे आणणाऱ्याचा रुबाब काय विचारतेस! वांगी भाजायला पऱ्हाट्याच हव्यात, असा हट्ट. दिंडोलीच्या पुढे शेतं उरली नाहीत, तर पऱ्हाट्या आणायच्या कुठून? शेवटी नंदुरबारच्या एका टेम्पोवाल्यानं टपावर बांधून आणल्या, भाड्यापेक्षा चहापाण्यालाच जास्त गेले. गॅसवर भाजलेलं भरीत आणि काटक्यांवर भाजलेलं, यांतला फरक शेजारच्या गुजराती बेननासुद्धा पटला. त्यांनी बदल्यात पोंक पाठवला. जवारीचा कोवळा हुरडाच तो, पण त्याच्यावर शेव घालून खातात हे लोक, आणि चांगला लागतो हे आपल्या माणसांसमोर कबूल करायचं नाही.

तू विचारलंस तो बंब: पुण्याच्या तांबट आळीत अजून मिळतो, इथल्या कंसाऱ्यांकडेही एखादा जुना निघतो. पण हल्ली हॉटेलवाले तो घासूनपुसून दारात ठेवतात आणि नळ्यात मनीप्लांट लावतात, म्हणून भाव चढलेत. तुला शोभेसाठी हवा असेल तर मी आणणार नाही, स्पष्ट सांगते. वापरायला हवा असेल तर तो अंगणात किंवा उघड्या ओसरीवरच पेटवायचा. बंद घरात धुराबरोबर जो वायू साठतो त्याला वासही नसतो. डिसेंबरात तू येशील तेव्हा आपण दोघी जाऊ आळीत, तोटी ढिली आहे का हे मी बघते, घासाघीस तू कर. विमानात किती वजन चालतं ते तेवढं विचारून ठेव, आणि शेगडीच्या दाराचं माप उलटटपाली कळव. इंचात दिलंस तरी चालेल.

तुझी,
सुरतवाली

ता. क. सासूबाई विचारतायत, तुमच्या मेपलच्या गाठींना चिकाचा वास येतो का? येत असेल तर चार तुकडे पाठव म्हणाल्या. मी त्यांना कस्टमचं समजावतेय, पण त्यांना ते पटेल असं वाटत नाही.